एक दिवस पुढचा हेमराज

माणूस आजच्या दिवसात जगतो, ही समजूत इतकी जुनी आहे की ती तपासून पाहावी असे कोणाच्या मनात येत नाही. हेमराज ढोले याच्यापुरती मात्र ती खोटी ठरली होती. त्याच्या देहाचा तिळाएवढा एक अंश नागपूरच्या एका प्रयोगशाळेत, काचेच्या चकतीवर कोरलेल्या केसाहून बारीक नळ्यांमध्ये, त्याच्यापेक्षा बरोबर एक दिवस पुढे जगत होता. रामटेकच्या गडामागे हेमराजचा सोमवार मावळे, तेव्हा त्या अंशाचा मंगळवार उरकलेला असे. मंगळवारच्या गोळ्या त्याने पचवलेल्या असत, त्यांचा त्रास व्हायचा असेल तर तो त्याला झालेला असे, आणि सारे ठीक असले तर तेवढाच निरोप हेमराजच्या मनगटपट्टीवर हिरव्या ठिपक्याच्या रूपाने येई. ठिपका उजळल्यावाचून औषधाच्या डबीचे झाकण उघडत नसे.

शास्त्रज्ञ त्या अंशाला प्रतियकृत म्हणत. गावाने त्याचे नाव ठेवले होते 'उद्याचा हेमराज'.

"काय हेमराजभाऊ," शेजारच्या मळ्यातला बाबाराव कुंपणापलीकडून विचारी, "उद्याचा हेमराज काय म्हणते? जिवंत हाय ना?"

"हाय ना. तुह्याच तब्येतीची चौकशी करून रायला होता."

"मंग त्याले विचार, उद्या पानाले भाव काय निंघन!"

हा विनोद रोज होई, आणि रोजचा असूनही दोघांना पुरे. कारण त्यामागे जे होते त्याच्याविषयी बोलण्याची दोघांचीही तयारी नव्हती.

हेमराज जातीने बारी आणि हाताने पानवेलीचा माणूस. पानमळा म्हणजे देऊळ, ही बारी लोकांची श्रद्धा. अंघोळ केल्यावाचून आणि पायांतले काढल्यावाचून कोणी आत शिरत नाही. वेलींना आधार म्हणून मळ्यात शेवरी आणि पांगारा लावलेले असतात, आणि पांगाऱ्याला काटे असतात. तीन वर्षांपूर्वी असा एक काटा हेमराजच्या उजव्या तळपायात शिरला. त्याने तो उपटला, वर ओला चुना दाबला आणि पुढच्या वेलीकडे वळला. पाय सुजला, पण दुखला नाही. आणि जे दुखत नाही त्याला दुखणे म्हणू नये, असे त्याचे मत होते. दोन वर्षांनी सुजेला तोंडे फुटली. त्यांतून मोहरीएवढे काळे दाणे गळू लागले. काही दिवसांनी त्या काळ्यांत पिवळेही दिसू लागले, खसखशीसारखे.

नागपूरच्या रुग्णालयात डॉक्टर गेडाम यांनी ते दाणे भिंगाखाली पाहिले. औषधांचा एकमेकांशी होणारा व्यवहार हा त्यांचा अभ्यासविषय. वय चाळिशीच्या आत, बोलणे थेट.

"काका, काळे दाणे बुरशीचे आणि पिवळे जिवाणूंचे. दोघं एकाच काट्यावर बसून आत आलेत. असं क्वचित होतं."

"मंग आधी एकाले काढा, मंग दुसऱ्याले."

"तसं चालत नाही ना. एकाला हाकललं की त्याची जागा दुसरा बळकावतो. दोघांना एकदमच बाहेर काढायचं. दोन औषधं, नऊ महिने, एक दिवस चुकवायचा नाही."

"आन् चुकला त?"

"तर घोट्याच्या वरून पाय काढावा लागेल."

दोन औषधे एकत्र देणे हे ऐकायला सोपे वाटते. ते सोपे नाही. शरीरात आलेले बहुतेक औषध यकृत जाळून टाकते. यकृत ही एक भट्टी आहे असे समजावे. जिवाणूंसाठी दिलेले प्रतिजैविक या भट्टीला भाता मारते. भट्टी रसरसली की त्याच रक्तातून चाललेले बुरशीनाशक पायापर्यंत पोहोचण्याआधीच जळून जाते. म्हणून बुरशीनाशकाची मात्रा वाढवावी लागते. पण किती? प्रत्येकाची भट्टी निराळी. मात्रा कमी पडली तर बुरशी नुसती वाचत नाही, औषधाला सरावते. जास्त झाली तर यकृतच पोळते. पूर्वी हा हिशेब रोग्याच्या अंगावरच चाले, आणि त्यात कोणाचे पाय गेले, कोणाचे यकृत. म्हणून रोग्याच्याच पेशींपासून यकृताचा एक कण वाढवायचा, दोन्ही औषधे आदल्या दिवशी त्याला पाजायची आणि तो काय करतो ते पाहून मात्रा ठरवायची, ही युक्ती निघाली. भीती उद्याच्या कणाने सोसावी, उपयोग आजच्या माणसाला व्हावा.

कण वाढवण्यापूर्वी डॉक्टरांनी शंभर प्रश्न विचारले. रक्त पातळ करण्याची गोळी? साखरेची? झोपेची? वैदूचा काढा? दारू, तंबाखू, खर्रा? हेमराजने प्रत्येकाचे उत्तर नाही असे दिले, आणि प्रत्येक उत्तर खरे होते.

पहिले दोन महिने तो घरातच होता, पाय उशीवर ठेवून. दोनदा रक्त तपासले गेले. कणाने वर्तवलेला आकडा आणि रक्तातला आकडा इतके जुळले की डॉक्टर गेडाम यांनी पुढची तपासणी तीन महिन्यांवर नेली. पायाची तोंडे मिटू लागली. तिसऱ्या महिन्यात मळ्यात जाण्याची परवानगी मिळाली, अट एकच: पायात गमबूट हवेत.

गमबूट आणि मळा! गावातल्या चार जाणत्यांनी यावर दोन दिवस वाद घातला. शेवटी निर्णय झाला की गमबूट धुऊन मळ्यातच ठेवावेत आणि त्यांनी मळ्याबाहेर कधीही पाऊल टाकू नये. जे बाहेरचा रस्ता तुडवत नाही ते पायताणच नव्हे. ते मळ्याचेच एक अवजार. असा निवाडा देणाऱ्यांच्या बुद्धीला कोणी हसू नये. धर्म टिकतो तो अशाच कारागिरीवर.

अशा रीतीने हेमराज आपल्या कामावर परतला. त्याचे काम होते पारख. कोणत्या वेलीचे पान खुडावे, कोणते अजून चार दिवस राहू द्यावे, कोणत्या वेलीत मर रोग शिरला आहे, हे तो सांगे आणि गाव मानी. डोळ्यांनी पाहायचे, मग पानाचे टोक खुडून दाढेखाली धरायचे, रस जिभेवर फिरवून गिळायचा. कापराचा गारवा आधी येतो की तिखटपणा, त्यावरून वेलीचा स्वभाव कळतो. इतर पारखी दिवसाला दहा-पंधरा पाने चाखत. हेमराज ऐंशी चाखी.

त्याचे कारण कोणाला ठाऊक नव्हते. गेली दहा वर्षे हेमराजला हिरवा रंग नीट दिसत नव्हता. मोतीबिंदू काढला तेव्हा उजेड परतला, पण हिरव्यातले भेद परतले नाहीत. कोवळा, जून, तेलकट, रोगट, सारे एका पाण्यात कालवल्यासारखे. लहानपणी आजोबांच्या खांद्यावरून त्याने जो मळा पाहिला होता, त्यात एक वेल दुसऱ्या वेलीसारखी नव्हती. आता समोर नुसती भिंत होती. डोळ्यांचे काम त्याने जिभेवर टाकले आणि ही गोष्ट अब्रूसारखी झाकून ठेवली.

मळ्यात परतल्यावर बाराव्या दिवशी सकाळी तो तिसऱ्या ओळीच्या तोंडाशी उभा होता. वेलींच्या मांडवातून ऊन चाळून खाली पडत होते. त्याने नेहमीप्रमाणे मान वर केली, आणि भिंत फुटली.

आधी कडा उजळल्या. प्रत्येक पानाच्या काठाने सोन्याची बारीक तार ओढल्यासारखी झाली. मग त्या तारेच्या आतला हिरवा हलला, वेगळा झाला, आणि एका रंगातून दुसरा रंग पाकळी उमलावी तसा बाहेर आला. वरच्या पानांत उजेड मुरत होता, खालच्या पानांतून तो झिरपत होता, आणि मधली पाने स्वतःच मंद पेटल्यासारखी वाटत होती. शिरांतून रस चढताना दिसत होता. निदान हेमराजला तसे दिसले. त्याने हात पुढे केला. हातालाही एक हलकी प्रभा होती. तो बोटे हलवी, आणि बोटांमागे हिरव्या पाण्यावर उठावा तसा तरंग उठे. किती वेळ गेला, त्याला कळले नाही. खाली बसून त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले. तो रडत नव्हता. इतके सारे एकदम आत घेण्याची डोळ्यांची सवय मोडली होती, इतकेच.

त्या दिवसापासून मळा रोज थोडा थोडा अधिक उघडत गेला. दुपारी झाडांच्या सावल्या जांभळ्या होत, आणि त्यांच्यात पाय टाकताना पाणी लागेल की काय असे वाटे. दिव्यांभोवती कडी पडत. झोपेत तो पुन्हा मळ्यातच असे. ओळीच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी पाठमोरे चाललेले दिसे. त्याच्यासारखीच उंची, तसाच वाकलेला डावा खांदा. तो हाक मारी, "अरे थांब ना बाप्पा!" पाठमोरा माणूस थांबत नसे, वळतही नसे. त्याच्यात आणि हेमराजमध्ये नेहमी एका ओळीचे, एका दिवसाचे अंतर राही.

दर शनिवारी डॉक्टर गेडाम यांचा फोन येई.

"काका, पाय कसा आहे?"

"मस्त हाय म्याडम. एकच तोंड रायलं."

"डोळ्यांचं काही? रंग वेगळे दिसतात? उजेडाभोवती कडी? स्वप्नं जास्त पडतात?"

प्रश्न सरळ होता. पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी कारणही सांगितले होते: बुरशीनाशक रक्तात फार साचले की डोळ्यांसमोर प्रकाश नाचतो, स्वप्ने गडद होतात, आणि ही यकृताची पहिली हाक असते. हेमराजला ते शब्द आठवत होते. त्याने मनगटाकडे पाहिले. हिरवा ठिपका शांत होता. उद्याचा हेमराज जर सुखात आहे, तर आजच्याला काय धाड भरली?

"नाई म्याडम," तो म्हणाला. "काईच नाई."

त्याच्या मनात एक मुदत होती. गावातल्या दोन मळ्यांत मर रोग शिरला होता. पंचवीस दिवसांनी बेण्याचा दिवस होता. निरोगी वेली निवडून त्यांची कांडी कापायची आणि सगळ्या गावाची नवी लागण त्यांतून करायची. निवड हेमराजची. दहा वर्षे त्याने ती जिभेच्या भरवशावर, भीत भीत केली होती. या वर्षी डोळे होते. पंचवीस दिवस फक्त. नंतर सांगू.

सतरा दिवस गेले.

मळ्याच्या दाराशी एक पत्र्याची खोप होती. तेथे बसून हेमराजची बायको वनमाला खुडून आलेली पाने निवडी. ओळींत पुरुषांनी फिरावे, खोपीत बायकांनी पाने लावावीत, अशी त्या गावची रीत. बायकांना मनाई नव्हती. कोणी कधी बोलावले नव्हते. त्या सकाळी हेमराज पानांची टोपली ठेवून वळत असता वनमालाने त्याला थांबवले.

"इकडे पाहा जी."

"काय?"

"उजेडात या." तिने त्याची हनुवटी धरून तोंड दाराकडे वळवले. "तुमच्या डोळ्यांत पिवळं उतरून रायलं."

"उन्हाची तिरीप हाय."

"तिरीप?" वनमालाने हातातले पान खाली ठेवले. "पस्तीस वर्षं पानं लावून रायली मी. कोणतं पान परवा पिवळं पडन ते मले आज समजते. अन् मले तिरीप शिकवता?"

हेमराजने मनगट पुढे केले. "हे पाह्य. ठिपका हिरवा हाय. मशीन म्हणते चांगलं हाय."

"मशिनचे डोळे नाई पाह्यले मी. तुमचे पाह्यले. काय लपवून रायले?"

हेमराज पाटावर बसला. खोपीच्या पत्र्यातल्या छिद्रांतून उन्हाचे कवडसे पडले होते, आणि प्रत्येक कवडशाभोवती त्याला सात रंगांची कडी दिसत होती. एवढे सौंदर्य समोर असताना खोटे बोलणे त्याला जमेना. त्याने सगळे सांगितले: भिंत, दहा वर्षे, तिसरी ओळ, सोन्याच्या तारा, शनिवारचा प्रश्न आणि त्याचे उत्तर. शेवटी म्हणाला, "वनमाला, मले हिरवा दिसत नव्हता. हे कोणालेच ठाऊक नाई."

वनमाला हसली. ते हसणे थट्टेचे नव्हते, आणि पुरते मायेचेही नव्हते.

"मले ठाऊक हाय."

"काय ठाऊक हाय?"

"दहा वर्षांपासून टोपलीत जून पानं कोवळ्यांत येऊन रायली. पिकली हिरव्यांत. रोगटही येते. ती कोण काढते बाहेर? कोण बाबारावाले सांगते, की ह्यांनी सांगतलं पाचवी ओळ आज खुडू नोको?"

ज्या अब्रूवर तो दहा वर्षे पांघरूण घालत होता, त्याच पांघरुणाचे दुसरे टोक इतका काळ कोणीतरी धरून होते.

"बोलली काहून नाई?"

"तुमी बोलले का?"

बाहेर वाऱ्याने मांडव सळसळला. वनमाला म्हणाली, "डॉक्टरीणबाईले मी फोन करू शकतो. पण मंग ते माहं बोलणं होईन. खोटं तुमी सांगतलं, खरंही तुमीच सांगा. एक सांगून ठेवतो. डोळे असे चालले की उद्या पानच काय, मीही पिवळी दिसन तुमाले. अन् परवा काईच दिसनार नाई."

तिने पुन्हा पान हातात घेतले आणि मान खाली घातली.

संध्याकाळी गोळीची वेळ झाली. ठिपका उजळला, डबी उघडली. हेमराज मळ्याच्या दाराशी उभा होता. समोर तो हिरवा सागर, प्रत्येक लाट वेगळी, प्रत्येक लाटेच्या टोकाला उजेड. झाडांच्या शेंड्यांवर सूर्याचा शेवटचा लेप पडला आणि सारा मळा एका श्वासासारखा वर उचलला गेला. त्याने तो पोटभर पाहिला. वाटले, आठ दिवस. केवळ आठ. मग त्याला उजव्या बरगडीखाली एक जडपणा जाणवला; तो बरेच दिवस तिथे होता आणि बरेच दिवस तो त्याला भूक म्हणत होता. त्याने गोळी पुन्हा डबीत टाकली, झाकण लावले आणि फोन काढला.

"म्याडम, मी हेमराज ढोले. शनिवारी मी तुमाले खोटं सांगतलं. तीन शनिवार."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर गेडाम स्वतः गावात आल्या. रक्त घेतले, खोपीतच छोट्या यंत्रावर तपासले. बुरशीनाशकाचा आकडा असायला हवा त्याच्या तिपटीवर होता. यकृताच्या इजेची खूणही वाढलेली.

"दोन्ही गोळ्या आजपासून बंद."

"आन् पाय?" वनमालाने विचारले.

"आठ-दहा दिवसांचा खंड धोक्याचा आहे, काकू. पण यकृतच गेलं तर पाय वाचवून काय करायचं?" त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "पण चकतीवर सगळं ठीक आहे. तोच माणूस, त्याच पेशी, त्याच गोळ्या. मग फरक कुठे पडला?"

त्या खोपीत बसून विचार करत होत्या. वनमालाने टोपली पालथी केली. हेमराजने, बोलणे ऐकता ऐकता, सहज एक पान उचलले, टोक खुडले, दाढेखाली धरले.

"हे काय केलंत?"

"काई नाई. चाखलं."

"दिवसातून किती?"

"ऐंशी. कधी नव्वद."

"मला सांगितलं का नाही?"

हेमराजने खऱ्या आश्चर्याने त्यांच्याकडे पाहिले. "तुमी औषध विचारलं, काढा विचारला, व्यसन विचारलं. हे त काम हाय."

डॉक्टर गेडाम पानांची एक चवड बांधून नागपूरला घेऊन गेल्या. तीन दिवस उद्याच्या हेमराजला गोळ्यांबरोबर पानांचा रस पाजण्यात आला. तिसऱ्या दिवशी त्याची भट्टी मंदावली. प्रतिजैविक भाता मारत होते आणि पानाचा रस त्या निखाऱ्यांवर पाणी शिंपडत होता. रसरसलेल्या भट्टीसाठी ठरवलेली मोठी मात्रा मंद भट्टीत पडत होती आणि न जळता साचत होती. दोन महिने घरात असताना हेमराजच्या जिभेला पान लागले नव्हते, म्हणून तेव्हाचे आकडे जुळले होते.

यंत्र चुकले, असे यावर म्हणता येईल. गावात तसे म्हटलेही गेले. ते म्हणणे टिकणारे नाही. कणाला जे आयुष्य सांगितले गेले ते त्याने प्रामाणिकपणे आधी जगून दाखवले. डॉक्टरांनी शंभर प्रश्न विचारले, आणि त्या शंभरांत दोष काढता येत नाही. हेमराजने त्यांची खरी उत्तरे दिली. तिघेही आपापल्या जागी बरोबर होते, आणि तिघांच्या मधल्या मोकळ्या जागेत एक यकृत पोळत होते. ती जागा पुढे भरून निघाली असती, कारण शनिवारचा प्रश्न त्यासाठीच ठेवलेला होता. तेवढी एक चूक मात्र हेमराजची होती, आणि ती त्याने स्वतःच्या तोंडाने परत घेतली, हे त्याच्या बाजूने लिहिलेच पाहिजे.

रक्त निवळायला नऊ दिवस लागणार होते. नंतर दोन्ही औषधे पुन्हा, दर आठवड्याला रक्ताच्या तपासणीसह.

"आणि पान बंद," डॉक्टर फोनवर म्हणाल्या. "उपचार संपेपर्यंत एकही नाही. जिभेलासुद्धा लावायचं नाही."

"अन् दिसणं?"

"आधी होतं तसं होईल, काका. दोन-चार दिवसांत."

हेमराज म्हणाला, "त्या तिथल्याले पान देऊन रायले होते ना? त्याले चव समजली का?"

"यकृताला चव कळत नाही, काका."

"मंग वाया गेलं बाप्पा पान."

उजेड एकदम गेला नाही. गोळ्या थांबल्यावर पहिल्या दिवशी दिव्यांभोवतीची कडी विरली. दुसऱ्या दिवशी बोटांमागचे तरंग थांबले. मग सोन्याच्या तारा एकेक करून मावळू लागल्या, आधी लांबच्या ओळींतल्या, मग जवळच्या, जणू कोणी मळाभर फिरून समया शांत करत होते. हेमराज रोज तिसऱ्या ओळीच्या तोंडाशी उभा राहून हे पाही. झोपेतला पाठमोरा माणूसही येईनासा झाला; शेवटच्या खेपेस तो ओळीच्या टोकाला वळला आणि हिरव्यात मिसळून गेला. पाचव्या दिवशी समोर पुन्हा भिंत उभी राहिली.

बेण्याच्या दिवशी बाबाराव आणि चार जाणते मळ्याच्या दाराशी जमले. हेमराजने त्यांना सांगितले, "माह्याच्यानं होत नाई. डोळे दहा वर्षांपासूनच नाईत. जीभ डॉक्टरीणबाईनं बांधली."

बाबाराव म्हणाला, "मंग गावाचं बेणं कोण काढन?"

"जिनं दहा वर्षं माह्या टोपलीतली खोट काढली ती." तो खोपीकडे वळला. "वनमाला, ये वं."

"मी? आत?"

"आत नाई त काय रस्त्यावर वेली हाय?"

जाणत्यांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांच्यापैकी सर्वांत वयस्कर होता त्याने खाकरून विचारले, "बाई, पाचवी ओळ खुडू नोको म्हणून निरोप यायचा, तो कोणाचा?"

"माहा," वनमाला म्हणाली.

म्हातारा बाजूला सरला.

वनमाला ओळीत शिरली आणि पहिल्या वेलीपाशी थांबली. पानाला तिने हात लावला नाही. पानाखाली तळहात नुसता धरला, वरून आलेला उजेड पानातून तळहातावर कसा उतरतो ते पाहिले. हेमराज कोयती घेऊन मागे उभा होता. त्याच्या समोर एकच मळकट रंग होता.

"कसा हाय?" त्याने विचारले.

"हिरवा."

"हिरवा त मीही सांगीन. कसा?"

वनमाला जरा लाजली. हे तिने कधी कोणाला सांगितले नव्हते. खोपीत एकटीने पाने लावताना ती आपली मनात म्हणत असे. "हा... नव्या चुड्याचा. हातात भरला त्या दिवशीचा. याचं बेणं घ्या."

कोयती चालली.

"हा कैरीच्या सालीखालचा. चांगला हाय. घ्या. हा पाहा, हा तळ्याच्या पायरीवरचा, पाय घसरते तिथला. जून हाय, पण घट्ट. हाही घ्या." चौथ्या वेलीपाशी ती बराच वेळ थांबली. "हा नोको."

"काहून?"

"दिसाले सगळ्याहून गोड हाय. पण याचा हिरवा वरवर हाय, पाण्यात रंग सोडल्यावानी. आत कोणी नाई."

हेमराजने डोळे मिटले. चुडा त्याने पाहिला होता; त्यांच्या लग्नात, तिच्या हातात, हळदीने माखलेला. कैरीची साल, तळ्याची पायरी, सारे त्याच्या आत कोठेतरी होते आणि एकाचाही रंग उडालेला नव्हता. तो तिच्या पावलांच्या अंदाजाने पुढे सरकत होता, आणि ओळ हळूहळू त्याच्यापुढे उघडत होती. सोन्याच्या तारा नव्हत्या. प्रभा नव्हती. पण एक वेल दुसऱ्या वेलीसारखी नव्हती.

"अन् हा?" पुढच्या वेलीशी पोचायच्या आतच त्याने विचारले.

"थांबा ना जी," वनमाला म्हणाली, "पाहू त द्या!"